माझ्या पोटाखाली कोणी पाहिले नाही

मित्रांनो, मला जुना म्हणू नका. जुना हा मानाचा शब्द आहे. जो झिजेपर्यंत राबतो त्याला तो शोभतो. मी अवघ्या चार वर्षांचा आहे आणि माझ्यात आता कोणी राहत नाही. मी जुना झालो नाही, मला वाईट बांधले. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो तुम्हाला कळावा म्हणूनच मी बोलतो आहे. गोड गोड बोलणार नाही. मला राग आला आहे आणि तो मी झाकणार नाही. झाकाझाकीचा मला फार वाईट अनुभव आहे.

मी एक ट्रेलर आहे, म्हणजे चाकांवरचे घर. मला स्वतःचे इंजिन नाही. मोठा पिकअप ट्रक मला ओढतो. साधे ट्रेलर ट्रकच्या मागे अडकवतात. माझी जात निराळी. माझा पुढचा भाग उंच उचललेला असतो आणि तो ट्रकच्या हौद्यावर येतो. त्याच्याखाली मनगटाएवढी जाड पोलादी खुंटी असते, ती हौद्यातल्या लोखंडी जबड्यात बसते. या जातीला फिफ्थ व्हील म्हणतात, म्हणजे पाचवे चाक. चाक वगैरे काही नसते, नाव तेवढे आहे. त्या उंच भागात झोपायची खोली असते. म्हणजे बघा, सगळ्या घराचा ताण जिथे येतो, बरोबर त्याच जागेवर माणसे उशी टाकून झोपतात. तिथला जोड तरी पक्का हवा की नको?

माझा सांगाडा अमेरिकेत, उत्तर इंडियानातल्या एका शेडमध्ये तयार झाला. तिथे व्हर्लिन हॉकस्टेटलर नावाचा वेल्डर होता. मोटारगाडी वापरायची नाही असे मानणाऱ्या आमिश पंथाचा माणूस, हनुवटीखाली दाढी, मिशी नाही, रोज पहाटे सायकलवरून कामावर यायचा. माझ्या लांब तुळया त्याच्यापुढे आल्या तेव्हा त्याने पहिल्यांदा त्यांच्या कडेवरून बोट फिरवले. मग त्याने मुकादमाला हाक मारली. मुकादमाचे नाव किप.

"किप, ही तुळई मागच्या खेपेपेक्षा पातळ आहे."

"कागदावर बसते ना? मग झालं."

"कागद रस्त्यावरून धावत नाही."

"आज अठरा सांगाडे काढायचेत, व्हर्लिन. प्रवचन रविवारी दे."

व्हर्लिनने पुढच्या उंच भागाचा कोपरा दाखवला. "इथे चारही बाजूंनी सलग वेल्डिंग पाहिजे. सगळा झटका इथेच बसणार."

"दोन टाके मार आणि पुढे ढकल."

व्हर्लिनने दोन टाके मारले. मग खडू काढून त्या कोपऱ्यावर एक ठळक फुली मारली, म्हणजे पुढच्या माणसाने तपासावे. किपने हातमोज्याने ती फुली पुसली आणि शिट्टी वाजवत निघून गेला. व्हर्लिन मान खाली घालून पुढच्या सांगाड्याकडे वळला. त्याचाही मला राग येतो का? येतो. पण त्याला निदान कळत तरी होते. कळत असून पुसणाऱ्याचा राग मात्र अजून गेलेला नाही, जाणारही नाही.

तिथून मला मोठ्या कारखान्यात नेले. नळ जायला वाट हवी म्हणून माझ्या तुळयांनाच भोके पाडली. वर भिंती उभ्या केल्या. भिंती म्हणजे काय, तर ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्या, मधे थर्माकोल, आतून पापडाएवढे पातळ प्लायवूड, बाहेरून चकचकीत फायबरचा पत्रा, आणि हे सगळे गोंदाने चिकटवलेले. भिंत सांगाड्याला स्क्रूने धरून ठेवायची होती. एका स्क्रूने लोखंड पकडले, त्याच्या शेजारच्याने नुसती हवा. कोणी मागे वळून पाहिले नाही. ठरलेली संख्या पुरी झाली की सगळ्यांना घरी जाता येत असे, त्यामुळे सगळे पळत काम करत. पळणाऱ्यांना मी दोष देत नाही. पळायला लावणारे वरच्या मजल्यावर खुर्चीत बसलेले होते.

शेवटी माझ्या पोटाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत काळे प्लास्टिक ठोकले. टाके झाकले, भोके झाकली, सगळे झाकले. मग आत आली खोट्या ज्वाळांची शेकोटी, मखमली सोफा आणि दगडासारखा दिसणारा ओटा. बाहेर सोनेरी अक्षरांत माझे नाव लिहिले. ते मी सांगणार नाही. मला त्याची लाज वाटते.

ओक्लाहोमात टल्सा शहराबाहेर ट्रेलर विकणाऱ्या एका दुकानाच्या आवारात मी उभा होतो. एका शनिवारी तिथे ट्वायला प्रुइट आली. वय एक्कावन्न, खांदे रुंद, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग. ती पाइपलाइनवर वेल्डर होती. जमिनीखालून गॅस नेणारे मोठे पाइप जोडायची. त्या कामात प्रत्येक जोडाचा एक्स-रे काढतात. आत मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी जोड कापून पुन्हा करायला लावतात. तीस वर्षांत ट्वायलाचे फार थोडे जोड कापावे लागले होते. तिच्याबरोबर तिचे वडील होते, हर्शेल, सत्त्याहत्तर वर्षांचे. त्यांची उमर पुलांचे लोखंड चढवण्यात गेली होती. बायको गेल्यावर ते लेकीबरोबरच राहायचे. जिथे तिचे काम, तिथे त्यांचा मुक्काम.

हर्शेलनी माझ्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली.

"ट्वायला, ही भिंत आहे का बुटांचं खोकं?"

विक्रेता पोरगेला होता, ब्रॉडी नावाचा. तो लगबगीने पुढे आला. "सर, आतली शेकोटी बघितलीत का? रिमोटवर चालते!"

"शेकोटीवर घर उभं राहत नाही, बाबा. खाली काय आहे ते दाखव."

"खाली सगळं बंदिस्त आहे सर. धूळ नाही, उंदीर नाही."

"आणि बघायची सोयही नाही."

म्हातारा खरोखरच खडीवर आडवा झाला आणि माझ्या पोटाखाली डोके घालून काळ्या प्लास्टिकवर थापट्या मारू लागला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी योग्य जागी हात लावत होते. मला ओरडून सांगावेसे वाटले, फाडा ते, फाडा!

"डॅडी, उठा आता," ट्वायला म्हणाली. "लोक बघतायत. सोमवारी मला वायोमिंगला हजर व्हायचंय."

"अगं, पण खालचं..."

"सहा वर्षं मी मोटेलच्या गाद्यांवर झोपतेय. माझी पाठ गेलीय कामातून. मला माझा स्वतःचा पलंग पाहिजे, बस."

तिने पलंगावर बसून पाहिले, खिडकी उघडून पाहिली, शेकोटी लावून पाहिली. आपल्या जोडात मोहरीएवढा बुडबुडाही खपवून न घेणारी ती बाई त्या दिवशी थकलेली होती. तिने मला घेतले.

पहिले वर्ष सुखाचे गेले. खोटे कशाला बोलू? वायोमिंगच्या माळावर आम्ही ट्रेलरांच्या एका तळावर राहिलो. वारा असा, की भांडी आपोआप वाजायची. हर्शेल सकाळी मोठ्या पातेल्यात घेवडा शिजत टाकत, लोखंडी तव्यात मक्याचा पाव भाजत आणि रेडिओवर बेसबॉलची मॅच लावून खेळाडूंना शिव्या देत. ट्वायला संध्याकाळी धुळीने माखून आली, की म्हणत, "आलीस? तुझा बुडबुडा सापडला का आज कुणाला?"

"अजून जन्मायचाय तो शोधणारा."

"मग जेव. गर्वानं पोट भरत नाही."

शेजारपाजारचे लोक मला बघायला येत आणि काय राजेशाही घर आहे म्हणत. ती स्तुती मला टोचत असे. कारण वारा सुटला की पुढच्या कोपऱ्यातला आवाज मला ऐकू येत होता. लोखंडाचे कण्हणे असते ते, मित्रांनो.

दुसऱ्या वर्षी बाहेरचे दार अडकू लागले. मग झोपायच्या खोलीत, पुढच्या कोपऱ्यात, भिंत आणि छत यांच्यामधे केसाएवढी फट दिसली. हर्शेलनी तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावली आणि पेन्सिलीने तारीख लिहिली. एक मुक्काम हलवला आणि पट्टी फाटली. त्यांनी दुसरी लावली. तीही फाटली. चौथ्या पट्टीच्या वेळी फटीत त्यांचे नख जाऊ लागले होते.

"पोरी, हे घर नाकाकडून उलतंय," ते म्हणाले.

ट्वायलाने कंपनीला फोन लावला. पलीकडून एक बाई मंजूळ आवाजात म्हणाली, "मॅडम, प्रवासात थोडी हालचाल होणं अगदी नॉर्मल आहे."

"बाई, मी गॅसचे पाइप जोडते. माझ्या जोडानं थोडी हालचाल केली तर गाव जळतं."

"तुम्ही सामान जास्त भरलं असेल."

हर्शेल मागून ओरडले, "माझ्या तीन पँटी आणि एक तवा! लिहून घे म्हणावं!"

ट्वायलाने मला ट्रकांच्या वजनकाट्यावर नेले. वजन मर्यादेच्या आत भरले, चांगले दोनशे किलो खाली. तिने काट्याची पावती पाठवून दिली. मग उत्तर आले, की रस्ते खराब असतील. प्रवासासाठी बांधलेले घर, आणि त्याला रस्ता सोसत नाही! आणि हे सांगताना कोणाची जीभ अडखळली नाही.

दोन महिन्यांनी त्यांनी एक माणूस पाठवला. त्याने प्लास्टिक उघडले नाही. फटीत पांढरे सिलिकॉन भरले, वरून एक शोभेची पट्टी ठोकली आणि हात पुसले.

"मोडलेल्या हाडाला पावडर लावतोस होय रे?" हर्शेलनी विचारले.

"मला एवढंच करायला सांगितलंय, आजोबा," तो खाली बघत म्हणाला.

मला तेव्हा जी लाज वाटली ती शब्दांत सांगता येत नाही. मी आतून तुटत होतो आणि बाहेरून पुन्हा देखणा दिसत होतो.

ऑक्टोबरात वायोमिंगचे काम संपले. आम्ही घरी, ओक्लाहोमाला निघालो. दुपार होती, लख्ख ऊन होते, नेब्रास्कातला सरळ रस्ता होता आणि बाजूने जोराचा वारा होता. एका पुलावर चढताना रस्ता आणि पूल यांच्या सांध्यात चाके आपटली. एवढासाच धक्का. असे धक्के दिवसातून पन्नास बसतात. पण व्हर्लिनला मारायला लावलेल्या त्या दोन टाक्यांतला एक त्या धक्क्याने सुटला.

आवाज मोठा झाला. बंदुकीसारखा. तो ऐकून हर्शेल सीटवरून वळले आणि मागच्या काचेतून माझ्याकडे बघू लागले. इतकी माणसे मला बघून गेली होती, पण काय झाले म्हणून काळजीने बघणारा हा एकच होता. नेमका त्याच क्षणी दुसरा टाका सुटला, माझा पुढचा भाग खाली बसला आणि ट्रकच्या मागच्या काचेवर आदळला. काच फुटली.

ट्वायलाने ब्रेक जोरात दाबला नाही. दाबला असता तर मी सगळाच त्यांच्या अंगावर गेलो असतो. दात आवळून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तिने हळूहळू वेग कमी केला.

"डॅडी? डॅडी, बोला! बोला काहीतरी!"

"आधी गाडी बाजूला घे, पोरी," हर्शेल म्हणाले. चेहरा दोन्ही हातांत होता आणि बोटांमधून रक्त येत होते. "मग रड."

त्यांचा डावा डोळा गेला.

मी तो घेतला असे तुम्ही म्हणाल तर मी नाही म्हणणार नाही. ती काच मीच फोडली. पण मला तसा कोणी बनवला, हेही विचारा. तेवढे विचारा.

मला क्रेनने उचलून गावाबाहेर, अपघाताच्या गाड्या ठेवतात त्या आवारात टाकले. तिसऱ्या दिवशी इस्पितळातून ट्वायला तिथे आली. आवाराच्या मालकाकडून तिने कटर मागून घेतला, माझ्याखाली सरपटत गेली आणि काळे प्लास्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडले. मग विजेरी लावून एकेक जोड बघत गेली.

आधी ती हसली. ते हसणे चांगले नव्हते.

"काय सापडलं?" मालकाने वाकून विचारले.

"इकडे या. वेल्डिंग काय असतं माहितीये तुम्हाला?"

"थोडंफार."

"मग हे काय आहे ते सांगा. हा जोड नाही हो. ही थुंकी आहे. दोन ठिकाणी थुंकलेत आणि वर माझ्या बापाला बसवलंय." तिने माझ्या तुळईवर मूठ आपटली. बोटांची सालटी निघाली, तरी पुन्हा आपटली. "आणि मी? तीस वर्षं जोडच करते मी! म्हातारा खडीवर आडवा होऊन सांगत होता, खाली बघ. आणि मी काय बघितलं? शेकोटी!"

मालकाने तिला पाण्याची बाटली दिली आणि तिथेच मातीत बसून राहिला. कुठे वाईट, तर कुठे असा एखादा भेटतो.

ट्वायलाने मला मोठ्या ट्रकवर चढवून ओक्लाहोमाला, हर्शेलच्या घराच्या अंगणात आणले. तीन आठवड्यांनी तिथे कंपनीचा माणूस आला. गॅरेट लूमिस त्याचे नाव. स्वच्छ बूट, मऊ आवाज, हातात चामड्याची बॅग. पडवीत तिघे बसले. मी दहा पावलांवर होतो, मला सगळे ऐकू येत होते.

"झालं ते फार वाईट झालं," लूमिस म्हणाला. "कंपनी तुम्हाला नवाकोरा ट्रेलर देईल. हाच, यंदाचा. इस्पितळाचा खर्चही कंपनीचा. हा जुना आम्ही घेऊन जाऊ."

"घेऊन जाऊन काय करणार त्याचं?" ट्वायलाने विचारले.

"नष्ट करू. आणि इथे एक छोटीशी सही. या विषयावर तुम्ही कुठे बोलायचं नाही, फोटो दाखवायचे नाहीत, एवढंच."

"नव्याच्या पोटाखालचं प्लास्टिक काढून बघू द्याल?"

"ते काढलं तर गॅरंटी जाते, मॅडम."

ट्वायला उठायला लागली. पण हर्शेलनी तिचा हात धरला. डोळ्यावर पट्टी होती, चेहरा उतरलेला होता. "सही कर, पोरी," ते म्हणाले.

"डॅडी!"

"मी दमलो गं. जानेवारीत तुझं काम सुरू होतंय. राहणार कुठे तू? परत त्या मोटेलात? नवा घे, त्याचं पोट आपण आपल्या हातांनी नीट करू. मला भांडायला आता एकच डोळा उरलाय."

ट्वायलाने वडिलांच्या डोळ्यावरची पट्टी पाहिली. मग खाली बसली आणि तिने पेन उचलले. मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असते तर! मला घेऊन जाणार, माझा चुरा करणार, आणि त्या दोन टाक्यांची साक्ष माझ्याबरोबर संपणार. आणि ती सही करायला निघाली होती. मला तिचाही राग आला.

सही करण्याआधी तिने सहज विचारावे तसे विचारले, "मी कितवी?"

"म्हणजे?"

"असला कागद घेऊन तुम्ही किती घरी गेलात याआधी?"

लूमिसचा हात चटकन बॅगेवर गेला आणि त्याने बॅगेचे उघडे तोंड मिटले. एवढेच. त्याला स्वतःलाही कळले नसावे आपण काय केले ते. ट्वायलाने पाहिले. हर्शेलनीही पाहिले, एका डोळ्याने.

"जाड आहे हो बॅग," हर्शेल म्हणाले.

"सर, त्या इतर बाबी..."

"पेन ठेव, ट्वायला." म्हातारा काठी टेकून उभा राहिला. "लूमिस, आमच्या अंगणातून निघायला तुम्हाला किती वेळ लागेल? कारण मला तेवढाही थांबायचा धीर नाहीये."

तो गेल्यावर बाप-लेक पडवीतच बसून होते.

"मला वाटलं तुम्ही दमलात," ट्वायला म्हणाली.

"दमलोच होतो. त्या बॅगेनं परत जागं केलं."

दुसऱ्या दिवसापासून तिने मला सोलायला घेतले. सोफा काढला, ओटा काढला, शेकोटी काढून कचऱ्यात टाकली. भिंती तर तिने हातांनी सोलल्या. पाणी शिरून प्लायवूडचा लगदा झाला होता. छत उतरवले. शेवटी माझा नुसता सांगाडा उरला. त्याला दोरखंड लावून तिने तो कुशीवर उभा केला, म्हणजे पोटाकडची बाजू रस्त्यावरून दिसावी. जिथे टाके सुटले होते तिथे लाल रंगाने गोल काढले. दुसरे काही केले नाही. एकही टाका तिने नवा मारला नाही. जसे होते तसे राहू दिले.

कंपनीचे पुढे काय झाले? बुडाली का? नाही बुडाली. पुढच्या उन्हाळ्यात तिने एक पत्र काढले, त्या वर्षीचे ट्रेलर आणा, पुढच्या कोपऱ्याला जादा लोखंड लावून देऊ, म्हणून. पत्रात 'धोका' हा शब्द नव्हता. क्षमा हा शब्द तर नव्हताच. तेही पत्र निघाले ते एका शनिवारमुळे, आणि तो शनिवार सांगितल्याशिवाय मी थांबणार नाही.

जानेवारीत टल्सात ट्रेलरांचे मोठे प्रदर्शन भरते. प्रचंड दालन, शेकडो चकचकीत ट्रेलर, हजारो माणसे. दालनाच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, टायरचे दुकान आहे. दुकानाची मालकीण डेल्मा ही ट्वायलाची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या आवारात मला आणून कुशीवर उभे केले. शेजारी दोन घडीच्या खुर्च्या टाकल्या, एकीत ट्वायला, दुसरीत डोळ्यावर काळी पट्टी बांधलेले हर्शेल. पाटी एकच होती, 'हा तीन वर्षांचा आहे. खालची बाजू बघा.'

थोड्याच वेळात प्रदर्शनाचा पहारेकरी रस्ता ओलांडून आला.

"हे इथून हलवा."

डेल्मा दुकानातून बाहेर आली. "जागा माझी आहे. तुला टायर हवेत का?"

"नको."

"मग गिऱ्हाइकाच्या वाटेतून बाजूला हो."

लोक थांबू लागले. कोणी फोटो काढले, कोणी लाल गोलात बोट घालून पाहिले. ट्वायला ओरडली नाही, भाषण केले नाही. विचारणाऱ्याला एवढेच सांगत होती, "जोड असा असतो," आणि जवळचा तिचा स्वतःचा एक पाइपचा जोड हातात देत होती. "आणि हे असं होतं माझ्या घराखाली." दोन्हीला हात लावला की पुढे बोलायची गरज उरत नव्हती. एक गृहस्थ बघता बघता पांढरेफटक पडले. त्यांच्याकडे माझ्याच जातीचा, माझ्याच वर्षाचा ट्रेलर होता, आणि वरच्या खोलीत त्यांच्या नाती झोपत. ते प्रदर्शनाला न जाता सरळ घरी गेले.

लाल कोट घातलेली एक बाई मात्र फार वेळ थांबली. बर्निस नाव सांगितले तिने. नवऱ्याबरोबर नवा ट्रेलर घ्यायला आली होती. तिने हर्शेलच्या पट्टीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि नवऱ्याला म्हणाली, "चल." दोघे रस्ता ओलांडून दालनात शिरले. हर्शेल काठी घेऊन उठले.

"कुठे निघालात?" ट्वायलाने विचारले.

"ती बाई काहीतरी करणार आहे. मला बघायचंय."

तासाभराने ते परत आले तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हते. अपघातानंतर ते पहिल्यांदाच असे हसत होते. खुर्चीत बसून त्यांनी आधी धाप शमवली.

"काय झालं, सांगा तरी!"

"अगं, ती बर्निस सगळ्यात महागड्या ट्रेलरसमोर गेली. विक्रेता म्हणाला, आत या, शेकोटी बघा. ही म्हणाली, शेकोटी राहू दे, आणि तो लाल कोट घेऊन फरशीवर उताणी झाली! सरपटत गेली खाली. आतून हात बाहेर काढून म्हणते, स्क्रू-ड्रायव्हर द्या!"

"मग?"

"मग काय, त्यानं पहारेकऱ्याला बोलावलं. पहारेकरी तिचे पाय धरून ओढतोय, ती आतून चाक धरून बसलीये. तेवढ्यात तिचा नवरा शेजारच्या ट्रेलरखाली शिरला. मग एक म्हातारी. मग दोघं जाडे भाऊ, ते तर अडकलेच. मी निघालो तेव्हा, ट्वायला, त्या सबंध रांगेत ट्रेलरांखालून नुसते बूट बाहेर आले होते! जोड्याच्या जोड्या! आणि टाय घातलेले विक्रेते मधे उभे. कुणाशी बोलायचं तेच कळेना त्यांना."

ट्वायला हसली नाही. तिने वडिलांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि खाली मान घालून रडली. तिला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. हर्शेलनी तिला रडू दिले.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. तुमच्यातले काही जण उद्या वेल्डर होतील, काही सुतार, काही कारखान्यांचे मालक. तुम्ही जे बांधाल त्यात कोणीतरी विश्वासाने झोपणार आहे. ज्या जागेवर कोणाची नजर जाणार नाही, तिथे सगळ्यात जास्त मन लावून काम करा. आणि तुम्ही विकत घेणारे असाल, तर लाजू नका. विकणारा हसला तर हसू द्या, कपडे मळले तर मळू द्या. आडवे व्हा, आत शिरा आणि जे झाकले आहे ते उघडून दाखवायला सांगा.

दाखवत नसतील, तर तिथून उठा आणि बाहेर येऊन सगळ्यांना मोठ्याने सांगा.